नेक्सॉन ईव्हीला १६ इंची चाकं बरी की १८? दोन्ही चालवून बघितली

ज्यांना नुसतं उत्तर पाहिजे त्यांच्यासाठी आधीच लिहून टाकते. कंपनीची १६ इंची ठेवा, फारच हौस असेल तर १७ करा, आणि १८ इंची फक्त गाडी घेऊन फोटो काढायला जाणार असाल तरच. आता ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, कारण यात इंचापेक्षा टायरची भानगड जास्त आहे आणि दुकानात गेलं की सगळे आपल्याला इंचच दाखवतात, टायर कुठला, त्याच्यावर काय लिहिलंय, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

माझी गाडी २०२३ च्या फेसलिफ्टनंतरची नेक्सॉन ईव्ही, ४०.५ किलोवॅट-अवरची बॅटरी, टायर २१५/६० आर१६ (या आकड्यांचा अर्थ पुढे सांगते), जसे शोरूममधून आले तसेच. कोल्हापूरला माझ्या बहिणीचा मुलगा आहे त्याच्याकडे सेम टू सेम गाडी, रंग सुद्धा तोच, फक्त साहेबांनी घेतल्या घेतल्या बाहेरून १८ इंची काळे मशीन-कट अलॉय आणि २२५/५० आर१८ टायर टाकून घेतले. माझी गाडी बघून तो दरवेळी म्हणतो, "मावशी, नवरदेवानं शेरवानीखाली बाथरूम स्लीपर घालावी तसं दिसतंय गं हे." मी म्हटलं ठीके, आपण चाकंच बदलू, तू माझी स्लीपर घाल आणि मी तुझे बूट घालून पुण्याला जाते, पुढच्या वेळी आले की परत करते. त्याला वाटलं मी गंमत करतेय. पण शिरोलीला त्याचा नेहमीचा टायरवाला आहे, त्याने दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उचलल्या आणि आठही चाकं इकडची तिकडे केली. त्यामुळे हा रिव्ह्यू दोन वेगळ्या गाड्यांचा नाही, गाडी माझीच, सीट माझीच, पाय माझाच, फक्त चाकं वेगळी.

त्या टायरवाल्याबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे कारण असा माणूस मिळत नाही. बाजूच्या भंगारवाल्याचा वजनकाटा त्याने स्वतःहून आणला आणि दोन्ही चाकं टायरसकट ठेवून दाखवली, एका चाकामागे जवळपास चार किलोचा फरक निघाला. चार चाकांचे सोळा किलो, आणि तेही गाडीच्या बुडाशी फिरणारे. दुसरं म्हणजे बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा, मोठं असतं, त्यात एक प्लॅस्टिकची हब रिंग बसवायला लागते. ती त्याने आठवणीने काढली, पुसली, परत बसवली आणि मला हातात धरून दाखवली, "ताई, ही रिंग ऱ्हायली की ऐंशीच्या म्होरं स्टिअरिंग नाचतंय बघा, मग मानसं अलाइनमेंट करत बसत्यात, बॅलन्सिंग करत बसत्यात, पैसं घालवत्यात." नट शेवटी टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरावरच आवळणारा पाना) आवळले, गनने नाही. पुण्यात मी एवढी दुकानं बघितली, तिथे गनची घर्रघर्र झाली की काम झालं. आणि पन्नास-शंभर किमी झाले की नट परत एकदा चेक करून घ्या असं पण बजावलं, ते सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं, रेंज.

कोल्हापूर ते पुणे हायवे, एसी चालू, इको मोड, रीजन (पाय काढला की गाडी हळू होत वीज परत बॅटरीत टाकते ते) दोनवर, ८५ ते ९५ च्या मध्ये, हा माझा ठरलेला खाक्या आहे. १६ इंचीवर गाडीचा स्क्रीन किलोमीटरला १४० वॅट-अवरच्या आसपास दाखवतो आणि फुल चार्ज करून निघाले की घरी पोहोचताना वीस टक्के उरलेले असतात, म्हणजे मध्ये कुठे थांबायचं ते चहासाठी, चार्जिंगसाठी नाही. १८ इंचीवर तोच आकडा १५५ ला जाऊन चिकटला. साताऱ्याच्या पुढे आल्यावर मी उगाचच एसी कमी कर, ट्रकच्या मागे लाग असले प्रकार सुरू केले आणि घरी आले तेव्हा बॅटरी बारा-तेरावर होती. पोहोचले की नाही, तर पोहोचले, पण नवलेपुलाच्या ट्रॅफिकमध्ये डोळे सारखे त्या टक्क्यांवर. हे जे डोकं खातं ना ते किलोमीटरच्या हिशोबात कुठे लिहून येत नाही.

पण थांबा, १४० चे १५५ म्हणजे दहा-अकरा टक्के, हा आकडा पूर्ण खरा नाहीये आणि इथेच बरेच लोक गंडतात. २१५/६० आर१६ म्हणजे टायरची रुंदी २१५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १२९ मिमी, आणि रिम १६ इंच. सगळं मिळून चाकाची उंची होते साधारण ६६४ मिमी. २२५/५० आर१८ ची होते ६८२. म्हणजे मोठं चाक एका फेरीत पावणेतीन टक्के जास्त रस्ता कापतं आणि गाडीला ते माहीतच नाही, ती आपली जुन्याच चाकाच्या हिशोबाने फेऱ्या मोजते. त्यामुळे गाडी म्हणते १०० किमी झाले तेव्हा खरे १०२.७ झालेले असतात. तो हिशोब धरला तर १५५ चे १५१ होतात आणि खरा तोटा सात-आठ टक्क्यांवर येतो. जे लोक १८ इंची टाकून "माझी रेंज पंधरा टक्के पडली" म्हणून रडतात त्यांनी आधी ओडोमीटर जीपीएसशी ताडून बघावा. उलट बाजू पण आहे, स्पीडोमीटर ८० म्हणतो तेव्हा तुम्ही ८२ ने चाललेले असता, कॅमेऱ्याखाली मीटरकडे बोट दाखवून उपयोग नाही. आणि चाक १८ मिमीने उंच म्हणजे गाडी ९ मिमीने वर उचलली गेली, हा एकच फुकटचा फायदा.

शहरात फरक कमी जाणवला. सिंहगड रोडवर जिथे वेगच वीस-पंचवीसचा तिथे पाच-सात वॅट-अवर इकडे तिकडे, तेवढा तर एसीने पण पडतो.

असं का होतं? दुकानदार म्हणतात "वजन वाढलं ना मॅडम". वजन आहेच, पण रेंजच्या बाबतीत ते जेवढं बदनाम आहे तेवढं दोषी नाही. जड चाक फिरवायला जास्त ताकद लागते हे खरं, पण ईव्हीमध्ये पाय काढला की रीजनमधून त्यातली बरीच परत बॅटरीत येते, आणि हायवेला एकाच वेगाने चाललात तर चाक एकदा फिरलं की फिरलं. खरे चोर दोन. एक हवा. रुंद टायर आणि मोकळ्या स्पोकचं अलॉय हवेला घुसळत जातं. गाडीला हवेचा जो एकूण विरोध होतो त्यातला पाव हिस्सा तरी चाकं आणि त्यांच्या कमानी यांचाच धरतात, आणि हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शहरात कळत नाही आणि शंभरला गेलात की लगेच कळतो. दुसरा चोर रबर. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की परत फुगतो, या दबण्या-फुगण्यात जी ऊर्जा गरम होऊन उडून जाते तो रोलिंग रेझिस्टन्स, आणि तो मुख्यतः टायरच्या कंपाउंडवर (रबराच्या मिश्रणावर) आणि बांधणीवर ठरतो. कंपनी जो १६ इंची टायर देते तो लो रोलिंग रेझिस्टन्सवाला असतो, आणि भाच्याच्या १८ इंचीवर जो टायर होता तो पेट्रोल गाडीसाठी बनवलेला, चांगला जाडजूड ग्रिपवाला, मोठ्या ब्रँडचा, महागडा. म्हणजे तुम्ही रिमचे दोन इंच वाढवता तेव्हा नकळत टायरची जातच बदलून टाकता आणि बिल मात्र इंचाच्या नावावर फाडता.

यावर सगळ्यात भारी पुरावा म्हणजे बीएमडब्ल्यूची आय३. २०१३ ते २०२२ बनली ती छोटी ईव्ही, तिला चाकं होती १९ इंची! पण टायर १५५/७० आर१९, म्हणजे रुंदी आपल्या टियागो ईव्हीपेक्षा पण कमी (टियागोचा १७५/६५ आर१४ आहे). उंच आणि सडपातळ. हवेला कमी अडतं, आणि मोठ्या घेराचं चाक लोळायलाही सोपं. तेव्हा नुसता इंच वाढला म्हणून रेंज पडते हे अर्धवट ज्ञान आहे.

आता बाकीच्या जगातले अधिकृत आकडे. ह्युंदाई आयोनिक ६ अमेरिकेत २०२३ मध्ये आली तेव्हा तिकडच्या ईपीएने (रेंजचे अधिकृत आकडे देणारी सरकारी संस्था) मागच्या चाकांना मोटर असलेल्या, ७७.४ किलोवॅट-अवरवाल्या गाडीला १८ इंची चाकांवर ३६१ मैल दिले आणि २० इंचीवर ३०५. म्हणजे ५८१ किमीचे ४९१! बॅटरी तीच, मोटर तीच. अर्थात २० इंचीचं व्हेरियंट वरचं आणि जरा जड, आणि टायर २२५ चा २४५ झाला, पण तरी नव्वद किमी म्हणजे पुण्यातून निघालेला माणूस लोणावळा ओलांडून खोपोलीला जाईल एवढं अंतर आहे. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेडचं पण तसंच, २०२३ च्या गाडीला १९ इंचीवर ३९६ मैल होते, २१ इंचीवर ३४८. कंपन्या जाहिरातीत कुठल्या चाकाचा आकडा छापतात आणि फोटोत कुठलं चाक दाखवतात हे एकदा जुळवून बघा, मजा येईल.

पेट्रोल गाडीत हे कोणाला खुपलं का नाही? कारण तिथे इंधनातली बहुतेक ऊर्जा इंजिनच्या उष्णतेतच जाते, टायरने थोडी जास्त खाल्ली तर दोन लिटर जास्त गेलं असेल म्हणून आपण सोडून देतो, पंपावर पाच मिनिटं की विषय संपला. ईव्हीत प्रत्येक टक्का डोळ्यासमोर नाचतो.

राइडबद्दल मात्र मी हिशोब वगैरे मांडणार नाही, ते बुडाला कळतं.

टायरची भिंत १२९ मिमीवरून साडेसोळाने कमी होऊन ११२.५ वर आली. ऐकायला दीड सेंटिमीटर पण नीट वाटत नाही, पण खड्ड्यात पहिला मार हीच भिंत खाते, सस्पेन्शनचा नंबर नंतर लागतो. त्यात चाक चार किलो जड, म्हणजे ते एकदा उसळलं की त्याला खाली आणायला सस्पेन्शनला जास्त झगडावं लागतं. परिणाम असा की मोठे खड्डे दोन्ही चाकांवर सारखेच लागतात, धाडकन, त्यात काही फरक नाही. फरक पडतो तो छोट्या गोष्टींत. पुलाचे जॉइंट, पेव्हर ब्लॉक, डांबराचे ठिगळ, टोलनाक्याआधीच्या त्या पांढऱ्या रम्बलर पट्ट्या. १६ वर या सगळ्याचं धबधब असं गोल होऊन येतं, १८ वर त्याच पट्ट्यांचं टकटकटक असं थेट स्टिअरिंगमधून मनगटात. ईव्हीत इंजिनचा आवाज नसतो त्यामुळे ही टकटक झाकायला काहीच नाही. खंबाटकीचा बोगदा पार केल्यावर पुढे जो खरबरीत पट्टा लागतो तिथे टायरचा असा काही भूंऽऽ आवाज यायला लागला की मी दोनदा खिडकी बंद आहे ना ते बघितलं. माझी आई मागे बसलेली, तिला चाकं बदललीयत हे सांगितलेलंच नव्हतं, शिरवळला चहाला उतरल्यावर म्हणते, "हवा जास्त भरलीस का गं आज?" बस, यापेक्षा चांगली टेस्ट लॅबमध्ये पण होत नसेल.

आणखी एक, मागे तीन माणसं आणि डिकी भरलेली असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढे आतल्या प्लॅस्टिकला टायर घासल्याचा खर्रर्र आवाज यायचा. पार्किंगमधून काढताना दरवेळी. भाचा म्हणतो तो ऑफसेटचा (रिम किती आत-बाहेर बसतं त्याचा) विषय आहे, मध्ये स्पेसरची चकती टाकली की जाईल. स्पेसर टाकून चाक बाहेर काढायचं म्हणजे बेअरिंगवर ताण, चिखल दारावर, आणि हे सगळं कशासाठी तर जे आधी घासतच नव्हतं ते घासू नये म्हणून.

आणि रिमचं आयुष्य. कागलकडे रस्त्याचं काम चालू आहे तिथे डायव्हर्जनच्या तोंडाशी एका खड्ड्यात भाच्याचं पुढचं डावं रिम आतल्या बाजूने आधीच वाकलेलं होतं, टायरवाल्याने ते ठोकून सरळ करून दिलं होतं पण हवा हळूहळू उतरतेच, दर आठवड्याला भरायला लागते. १६ इंचीवर त्याच खड्ड्यात मी पण गेलेली आहे, जोरात शिव्या दिल्या आणि पुढे गेले. बऱ्याच ईव्हींमध्ये आता स्टेपनी येतही नाही. २०२० मध्ये नियम बदलला, ट्यूबलेस टायर, टायर प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. पंक्चर किटने खिळ्याचं भोक बुजतं, फाटलेली भिंत बुजत नाही. ज्यांच्या गाडीत स्टेपनी आहे त्यांचा पण घोळ, स्टेपनी जुन्या साइजची आणि बाकी तीन चाकं उंच.

हे सगळं वाचून वाटेल की १८ इंची म्हणजे शुद्ध मूर्खपणा. नाही. दोन ठिकाणी ती खरंच भारी आहेत आणि ते लिहिलं नाही तर भाचा घरी यायचं बंद करेल.

पहिलं, ग्रिप. नेक्सॉन ईव्हीचा सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, पुढच्या चाकांना आणि तो एका झटक्यात येतो, त्यामुळे पावसात सिग्नलवरून जरा जोरात निघालं की कंपनीचे इको टायर चुंई करून जागेवर फिरतात, ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये. १८ वर हे जवळजवळ गायब. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तरी गाडी जास्त ठाम वाटते, घाटात वळणावर गाडी कलायच्या आधीच वळते, स्टिअरिंग फिरवलं की लगेच उत्तर. पुढे ओव्हरटेक करताना जो आत्मविश्वास येतो तो खोटा नाहीये. पण परत तेच, यातलं रिमच्या इंचाचं किती आणि टायरच्या रबराचं किती? माझ्या मते ओल्यावरची पकड जवळपास सगळी रबराची, वळणावरचा ठामपणा अर्धा बारक्या भिंतीचा. चांगल्या पकडीचा टायर १६ इंचीत पण मिळतो.

दुसरं, दिसणं. दिसते हो गाडी! काय खोटं बोलायचं. सोसायटीत लावली तर वॉचमनने पण विचारलं नवीन घेतली का. ईव्हीमध्ये हा प्रॉब्लेम मुळातलाच आहे, फरशीखाली बॅटरी असते म्हणून गाडीची बाजू उंच आणि जाड दिसते, त्या भिंतीखाली १६ इंची चाक बारकं वाटणारच. म्हणून डिझायनर लोक मोठी चाकं काढतात, खालून काळं प्लॅस्टिक लावून गाडी बारीक दाखवायचा प्रयत्न करतात. कमानीत हात घालून बघितलं तर माझ्या १६ वर टायर आणि पत्र्याच्या मध्ये माझी अख्खी मूठ जाते, १८ वर चार बोटं. डोळ्याला नेमकं तेच भरतं. आणि जे हवेसाठी चांगलं ते डोळ्याला रटाळ, बंद तोंडाची सपाट चाकं. टेस्लाने मॉडेल ३ ला साध्या अलॉयवर प्लॅस्टिकची झाकणं लावून दिली तेव्हा कित्येकांनी ती काढूनच ठेवली. आपल्याकडे क्रेटा इलेक्ट्रिकची चाकं त्यातल्या त्यात बरी जमलीयत, १७ इंची, हवेच्या हिशोबाने बंदिस्त तरी बघवतात.

क्रेटाचं नाव निघालं म्हणून, नुसता इंच बघून गाडीला नावं ठेवायची किंवा डोक्यावर घ्यायची ही सवय सोडा. क्रेटा इलेक्ट्रिकचा टायर २१५/६० आर१७, म्हणजे भिंत माझ्या १६ इंचीएवढीच, १२९ मिमी. एमजीच्या विंडसर ईव्हीची १८ इंची २१५/५५, भिंत ११८. आमच्या शेजाऱ्यांकडे चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ आहे, १९ इंची, २४५/५५, भिंत चक्क १३५ मिमी! तिला जो २० इंचीचा ऑप्शन आहे तो २४५/५०, तरी भिंत १२२.५, म्हणजे २० इंची असून भाच्याच्या १८ इंचीपेक्षा जाड. कारण ती गाडीच त्या उंचीच्या चाकांभोवती काढलेली आहे, १९ आणि २० दोन्हीची बाहेरची उंची ७५२-७५३ मिमी, ओडोमीटर चुकत नाही, कमानीत घासत नाही, सस्पेन्शन त्यावर बसवलेलं. कंपनीने विचार करून दिलेलं २० इंची आणि आपण दुकानात हौसेने टाकलेलं १८ इंची यांची तुलनाच नाही. तरी बीई ६ घेणाऱ्याने मला विचारलं तर मी १९ च घे म्हणेन, त्या बारा मिमी भिंतीसाठी.

बाहेरून टाकायचंच असेल तर दुकानात काय बोलायचं ते ऐका. बाहेरची उंची मूळच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवा, जेवढी जवळ तेवढी बरी. नेक्सॉनला २१५/५५ आर१७ घेतलात तर उंची ६६८ होते, पाऊण टक्का पण फरक नाही, भिंत ११८. हे मला पटलेलं एकमेव अपसाइज आहे. मग लोड इंडेक्स. टायरवर साइजच्या पुढे ९५एच असं लिहिलेलं असतं, त्यातला ९५ म्हणजे एक टायर ६९० किलो पेलतो, ९१ म्हणजे ६१५ किलो. बॅटरीमुळे ईव्ही तशीच जड असते, तेव्हा मूळच्या आकड्याच्या खाली एक पण पायरी उतरायचं नाही, दुकानदार "चालतंय हो" म्हणाला तरी. चालत नाही. तिसरं, टायरच्या लेबलवर बीईईचे स्टार असतील तर ते बघा, फ्रिज-एसीला असतात तसेच, पण स्टार इंधन वाचवण्याचे असतात, ओल्या पकडीचे नाहीत, पकडीचं वेगळं विचारा. ईव्हीसाठीचे म्हणून अपोलोचे अँपेरियन, सिएटचे एनर्जीड्राइव्ह असे आता इकडे मिळतात, सगळ्या साइजमध्ये मिळतातच असं नाही, आणि १८ इंचीत तर निवड आणखी कमी होते, हा पण १८ चा एक छुपा खर्च. रिम घेताना वजन विचारा. जो दुकानदार वजन सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका, नुसती डिझाइन विकतोय तो. आणि रसीद नीट घ्या, गाडीच्या कुठल्याच व्हेरियंटला कंपनी देत नाही अशी साइज टाकली तर उद्या वॉरंटी किंवा इन्शुरन्सच्या वेळी प्रश्न विचारले जाऊ शकतात, तेव्हा तिथे "दिसायला भारी होतं" हे उत्तर चालणार नाही.

हवा पण हवी तेवढी भरा, दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली, थंड टायरमध्ये. कमी हवेने फुकट दोन-तीन टक्के जातात, आणि त्याला ना अलॉय लागतं ना हजारो रुपये. समृद्धीवर सिमेंटच्या रस्त्याने १२० ने जाणाऱ्यांनी तर निघायच्या आधी टायर बघितल्याशिवाय गाडी काढूच नये, कमी हवेचा गरम झालेला टायर तिथे फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

मार्क द्यायचे तर: कंपनीची १६ इंची चाकं, रेंजला दहापैकी नऊ, राइडला साडेआठ, दिसायला पाच, पावसात पकडीला सहा. भाच्याची १८ इंची, रेंजला सहा, राइडला साडेपाच, दिसायला नऊ, पकडीला साडेआठ, आणि पैसे वसूलला तीन, कारण टायर झिजले की एकेक टायर १६ पेक्षा सरळ तीन-चार हजारांनी महाग पडतो आणि जड गाडी आणि झटक्याचा टॉर्क यामुळे ईव्हीचे टायर तसेही लवकर जातात. शिरोलीच्या टायरवाल्याला दहापैकी दहा, चहा त्याने पाजला म्हणून नाही.

दिवाळीत कोल्हापूरला गेले तेव्हा चाकं परत केली. मी आता माझ्याच १६ इंची रिमवर पुढच्या वेळी टायर जरा जास्त पकडवाले घेणार आहे, दोन-तीन टक्के रेंज गेली तरी चालेल, पावसात सिग्नलवरची ती चुंई नको. आणि भाच्याने मधले काही आठवडे माझी चाकं वापरली ना, तर तो कबूल करतो की बेळगावला जाऊन येताना पहिल्यांदाच मध्ये चार्जरला थांबावं लागलं नाही आणि त्याच्या बायकोची पाठ पण दुखली नाही. १८ इंची विकणार का म्हटलं तर म्हणतो, "छे गं मावशी, लग्नसराईत लावायला ठेवतो, बाकी वेळ १६ टाकीन." म्हणजे आता त्याला १६ इंचीचा एक अख्खा सेट शोधायचाय, कोणी काढून ठेवला असेल तर कमेंटमध्ये सांगा, रिम वाकलेलं नको.